टँकर येईस्तोवर

उदगीरच्या मोंढ्यात गुरुपादप्पा निडवंचे यांची अडत होती आणि त्यांच्या घशाला अख्खा मोंढा वचकून होता. धान्याचा सौदा सुरू झाला की ढिगापाशी उभं राहून भाव पुकारायचं काम त्यांच्याकडे. ते एकदा ओरडले की रेल्वे स्टेशनावरच्या हमालालाही आज तूर कशी गेली ते कळतं, असं लोक म्हणत. लोक थोडं जास्तच म्हणतात, पण फार जास्त नाही. मोंढ्याचा एक रिवाज होता. भाव एकदा पुकारला की तो पुकारणाऱ्याचा झाला. चुकून वरचा आकडा गेला, जीभ घसरली, ठसका लागला, काहीही झालं तरी तो परत घेता येत नसे. ‘तोंडातून गेलं की गेलं,’ एवढंच म्हणायचं आणि तोटा मुकाट्यानं आपल्या अंगावर घ्यायचा.

थोरली मुलगी महानंदा अडतीच्या ओट्यावर बसून हे ऐकत मोठी झाली. घसा तिनं बापाचा घेतला, रंग आईचा, आणि हट्ट कुणाचा घेतला यावर घरात एकमत नव्हतं. बी.ए. झाली. लग्न झालं नाही. का झालं नाही यावर उदगीरात बऱ्याच गोष्टी सांगितल्या जात आणि त्या सगळ्या खोट्या होत्या. खरी गोष्ट एवढीच की पाहायला आलेल्या पाहुण्यांना ती उलटे प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत चहाचा ट्रे त्यांच्यापुढं करायची नाही. पाहुणे तहानलेले परत जायचे.

बाहत्तरच्या दुष्काळात सरकारच्या माहिती खात्यात नांदेडला सहायकाची जागा निघाली. गाडीत बसून गावोगाव फिरायचं आणि भोंग्यावरून सरकारचं म्हणणं लोकांना सांगायचं, असं काम. बाईमाणसानं असली नोकरी करायची म्हणजे भावकीच्या दृष्टीनं घराण्याची अब्रू वेशीवर टांगण्यासारखं होतं. चुलत्यांनी दोन दिवस घरी येऊन अप्पांचं डोकं खाल्लं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतः तिला मोटारीत बसवून दिलं.

“नंदा, आता सरकारचा माल पुकारायला चाललीस,” ते म्हणाले. “ढीग बघितल्याबिगर पुकारू नको.”

नोकरीत कसं वागावं याचं सरकारी प्रशिक्षण तिला पुढं बरंच मिळालं, पण त्यातलं तिच्या कामाला आलं ते हेच.

नांदेडची प्रचारगाडी म्हणजे एक निळा डबा होता. टपावर दोन भोंगे, आत सिनेमा दाखवायचं यंत्र, आणि पुढं शेषेराव ड्रायव्हर. शेषेराव माहूरकडचे. त्यांना गाडीपेक्षा तंबाखूची जास्त काळजी. कुठं दुष्काळी काम निघालंय, रेशनची लाल मिलो ज्वारी कुठल्या दुकानात वाटणार, हे दिवसभर सांगत फिरायचं. दुसरा कुणी असता तर कचेरीनं दिलेला मजकूर वाचून मोकळा झाला असता. महानंदा आधी दुकानात जायची, पोती आलीत का ते हात लावून बघायची, आणि मगच भोंगा हातात घ्यायची. पोती नसली तर गप्प बसायची. कचेरीतून कितीही निरोप आले तरी गप्पच.

“बाई, सगळं जग आधी सांगून राहिलं, मग बघून राहिलं,” शेषेराव वैतागून म्हणायचे. “तुमचं एकलीचंच उलटं हाय.”

पण वर्षभरात एक गोष्ट झाली. भोंग्यातून तो घोगरा, खणखणीत आवाज आला की बाया हातातलं काम टाकून पिशव्या शोधायला लागत. भोंग्याची बाई बोलली म्हणजे माल आला असणार, हे नांदेड जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांनी धरून ठेवलं. माहूरच्या डोंगरापर्यंत हा लौकिक गेला. सरकारी खात्यात असा लौकिक म्हणजे आजारच. वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध काही छापून आलं की माहिती खात्यानं ‘सदर वृत्त निराधार आहे’ असा खुलासा पाठवायचा, ही रीत. ही बाई म्हणे, आधी जाऊन बघते. बघून आली की बहुतेक वेळा वृत्ताला चांगला भक्कम आधार निघायचा. मग खुलासा व्हायचा नाही आणि साहेब लाल व्हायचे. तिच्या गोपनीय अहवालात एका साहेबांनी लिहिलं होतं, ‘कामात तत्पर, परंतु हट्टी.’ त्या ‘परंतु’चा तिला मनापासून अभिमान होता, आणि का नसावा?

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. तोवर उदगीरच्या माणसाला सहीशिक्क्याच्या कागदासाठी उस्मानाबादचा हेलपाटा असायचा. जायला एक दिवस, साहेब जागेवर नाहीत हे कळायला दुसरा दिवस आणि यायला तिसरा. त्यामुळं लोकांना झालेला आनंद खरा होता. फटाके वाजले, पेढे वाटले, पाट्या रंगवणाऱ्यांची तर चांदी झाली. महानंदाबाई तोवर अधिकारी झाल्या होत्या. नव्या जिल्ह्यात त्यांची बदली झाली, तसलीच एक निळी गाडी मिळाली आणि शेषेरावही अर्ज करून मागोमाग आले. गावोगाव जाऊन बाईंनी नवा जिल्हा पुकारला. आता साहेब जवळ आले, आता गाऱ्हाणं एका दिवसात पोचेल, असं त्यांनी सांगितलं. हे सांगताना त्यांना वाटलं होतं की ढीग बघूनच आपण पुकारतोय. कचेऱ्या खऱ्याच उघडल्या होत्या.

मग दोन-तीन पावसाळे लागोपाठ हातावर तुरी देऊन गेले. बाहत्तरला खायला नव्हतं, या वेळी प्यायला नव्हतं. विहिरींचे तळ उघडे पडले. हिप्परमाळ हे देवणीच्या वाटेवरचं माळावरचं गाव. तिथल्या बाया पहाटेपासून विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत. टँकर सुरू झाल्याचं कागदावर होतं. गावात मात्र तो होळीला एकदा आला आणि त्यानंतर कुणाला दिसला नाही.

टँकरांचा कारभार ज्या अधिकाऱ्याकडे होता त्यांना सगळे टंचाईसाहेब म्हणत. त्यांचं खरं नाव सांगण्यात काही अर्थ नाही, असे साहेब प्रत्येक दुष्काळात एखादा असतोच. माणूस वाईट नव्हता. वरून हुकूम आला की त्याची मान खाली जायची आणि खालून गाऱ्हाणं आलं की ताठ व्हायची, एवढीच खोड.

एप्रिलात मुंबईहून मंत्र्यांचा दौरा ठरला. हेलिकॉप्टर उदगीरला उतरणार, दुपारी सभा होणार आणि मग मंत्री मोटारीनं देवणीकडे जाणार. हिप्परमाळच्या बायांनी निरोप धाडला की आम्ही रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर बसतो, मोटार अंगावरून न्यायची तर न्या. दौऱ्याच्या आदल्या दिवशी टंचाईसाहेबांनी महानंदाबाईंना उदगीरच्या कचेरीत बोलावून घेतलं.

“निडवंचे बाई, तुमचं लोक ऐकतात. आत्ता गाडी घेऊन जा. उद्या सकाळी टँकर येतोय म्हणून पुकारा, आणि त्यांना रस्त्यावर बसू देऊ नका.”

“टँकर कुठाय?”

साहेब हसले. बाईंची खोड त्यांना ठाऊक होती. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. मागच्या आवारात टँकर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर सावलीत भाकरी खात होता. बाई खाली गेल्या, टाकीवर थाप मारून बघितली. भरलेली होती. उद्या कुठं जायचं म्हणून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. तो तोंडातला घास न गिळताच हिप्परमाळ म्हणाला.

बाई परत वर आल्या. “साहेब, मी पुकारते. पण पुकारा माझ्या तोंडचा हाय. टँकर येईस्तोवर मी त्या गावातनं उठणार न्हाई, आन माझी गाडीबी हलणार न्हाई.”

“बसा की,” साहेब म्हणाले. “गाव तुमचंच आहे.”

संध्याकाळी उन्हं कलताना निळी गाडी हिप्परमाळला विहिरीपाशी उभी राहिली. उद्या सकाळी टँकर येणार, बायांनी रस्त्यावर बसू नये, असं बाईंनी भोंग्यावरून सांगितलं. गाव जमलं खरं, पण कुणाच्या तोंडावर आनंद दिसेना.

सरपंच चन्नबसप्पा म्हणाले, “बाई, भोंगे आमी लई ऐकले. होळीपासून त्येच ऐकायलोय.”

“मी बोललेलं ऐकलंत का होळीपासून?”

“न्हाई.”

“मग? मी टँकर बघून आले. उद्या येईस्तोवर हितंच बसणार हाय.”

केवळाबाई नावाची एक म्हातारी घागर कमरेवर घेऊन पुढं आली. रस्त्यावर बसायचा बेत तिचाच होता. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाकीच्या बायांकडं वळून म्हणाली, “बाई बसती म्हनलीय. उद्या सकाळपर्यंत आपुन दम धरू.”

बाई त्या रात्री चन्नबसप्पांच्या घरी राहिल्या. सकाळी मारुतीच्या पारावर येऊन बसल्या आणि वाट बघू लागल्या.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. निडवंचे घराणं लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी तळहातावर घ्यायचं, पाण्यानं धुवायचं, विभूती लावायची, आणि मगच अन्नपाणी तोंडात घालायचं, हा बाईंचा नेम लहानपणापासूनचा. दौऱ्यावर, तापात, अप्पा गेले त्या दिवशीसुद्धा तो चुकला नव्हता. चन्नबसप्पांच्या सुनेनं पूजेसाठी तांब्या पुढं केला. तांब्यात तळाला गढूळ पाणी होतं. घरात दोन लेकरं होती आणि रांजण पालथा होता. बाईंनी तांब्या परत केला.

“लेकरांच्या तोंडचं पाणी मी लिंगावर घालणार न्हाई. टँकरचं येतंय, त्या पाण्यानं पूजा करीन.”

सून म्हणाली, “वाटीभर तर घ्यावा.”

“वाटीभरबी न्हाई.”

ऊन वर चढलं. टँकर काही आला नाही. केवळाबाईनं भाकरी-ठेचा आणला, बाईंनी मान हलवली. शेषेरावांनी आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं, त्यालाही मान हलवली. केवळाबाई मराठ्यांची. तिला या नेमाची काही कल्पना नव्हती. बाई पारावर ताठ बसलीय, खात नाही, पीत नाही, रस्त्याकडं डोळे लावून आहे, एवढं तिला दिसलं. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला आणि तो बायांना सांगितला. देवणीकडून येणारी एस.टी. फाट्यावर थांबली तेव्हा एका बाईनं तो कंडक्टरला सांगितला. एस.टी. उदगीरला पोचेपर्यंत गोष्ट पिकून तयार झाली होती. सरकारच्या माहितीच्या बाई सरकारविरुद्ध हिप्परमाळला आमरण उपोषणाला बसल्या.

चन्नबसप्पा लिंगायतच. त्यांना खरं काय ते सकाळीच कळलं होतं. पण कंडक्टरला त्यांनी काही सांगितलं नाही. मिशीवर हात फिरवत ते सावली धरून बसून राहिले.

टँकर का आला नव्हता, ते शेषेरावांनी फाट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून काढलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“बाई, आपला टँकर उदगीरच्या मैदानात हाय. हेलिकॉप्टर उतरताना मंत्र्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हनून जमिनीवर पाणी शिंपून राहिले.”

लेकरांनी वाटी-वाटीनं प्यायचं पाणी मातीवर शिंपलं जात होतं, आणि ते पाणी येणार म्हणून आपल्याच घशातून पुकारा गेला होता. अंगाची लाही लाही झाली. आजवर साहेबांनी दाबलं, बदलीची भीती घातली, त्यावर त्या नुसत्या हसल्या होत्या. पण आपला आवाज असा कुणी आपल्याच पाठीमागं बाजारात नेऊन विकला नव्हता. त्या उठल्या आणि बायांपुढं उभ्या राहिल्या.

“टँकर आला न्हाई. तो उदगीरला मैदानावर पाणी शिंपायलाय. तुमी रस्त्यावर जायचं म्हनलात तर मी अडवणार न्हाई. मी मात्र हितंच हाय. म्या पुकारलंय, तर पाणी हितंच आलं पायजे.”

बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. केवळाबाई म्हणाली, “बाई उपाशी हितं बसायची आन आमी तिकडं जायचं? न्हाई जमायचं. आमीबी हितंच.” मग घागरी आल्या, लेकरं आली, आणि गाडीभोवती सगळं गाव बसलं. शेषेरावांनी किल्ली काढून आपल्या धोतराच्या कनवटीला लावली.

तिकडं उदगीरला दोन गोष्टींनी एकदम आग लागली. सभेचे भोंगे म्हणजे हीच निळी गाडी, आणि ती जागेवर नव्हती; बाईंचं कालचं बोलणं साहेबांनी मनावरच घेतलं नव्हतं. शिवाय उपोषणाची बातमी वर्तमानपत्रवाल्यांच्या कानावर गेली होती. मंत्री यायला थोडाच वेळ उरला असताना टंचाईसाहेबांची जीप धुरळा उडवत हिप्परमाळला आली. मागोमाग एक वार्ताहर मोटारसायकलवर.

साहेब उतरले ते तणतणतच. “बाई, हा काय तमाशा? शासकीय सेवेत राहून उपोषण? निलंबित करीन.”

“मी उपोषण करीत न्हाई.”

“मग सकाळपासून जेवला का नाहीत?”

“पूजा राहिलीय. पूजा झाल्याबिगर मी खात न्हाई. आन पूजेला गावात पाणी न्हाई.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते वार्ताहराकडं वळले. “ऐकलंत? उपोषण नाहीच. बाई, आत्ताच्या आत्ता खुलासा लिहून द्या यांना.”

“लिहिते की,” बाई म्हणाल्या. पिशवीतून कागद काढून पेन उघडलं आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागल्या. “उपोषणाचे वृत्त निराधार आहे. माहिती अधिकारी सकाळपासून उपाशी आहेत, कारण हिप्परमाळ गावात इष्टलिंगावर घालण्यापुरतेही पाणी नाही. गावाचा टँकर उदगीर येथे मैदानावर पाणी शिंपडीत आहे. द्यायचा का एवढा?”

वार्ताहरानं हात पुढं केला. साहेबांनी तो घाईनं खाली केला. गर्दीत कुणी हसलं नाही, आणि साहेबांना त्याचीच जास्त धास्ती वाटली असावी. ते घड्याळ पुढं करून म्हणाले,

“हे बघा, मंत्रिमहोदय येण्याची वेळ झाली. गाडी चालू करा. टँकरचं आपण नंतर बघू.”

“एका गोष्टीवर मी आत्ता निघते,” बाई म्हणाल्या. त्यांनी गाडीत हात घालून भोंगा चालू केला. खरखर झाली, झाडावरचे कावळे उडाले. मग माइक त्यांनी साहेबांच्या हातात दिला. “काल मी टँकर येणार म्हनून पुकारलं. आज तुमी पुकारा, येणार न्हाई म्हनून. तुमच्या तोंडानं गावाला सांगा. माझा पुकारा फिटला, मी निघाले.”

माइक साहेबांच्या हातात होता आणि तो चालू होता. त्यांचा श्वास दोन्ही भोंग्यांतून सगळ्या गावाला ऐकू येत होता. गावातला एकूण एक माणूस त्यांच्या तोंडाकडं बघत होता. मुंबईचा हुकूम असा समोर बसून तोंडाकडं बघत नसतो. नाही म्हणायला तोंड उघडेना, हो म्हणावं तर टँकर मैदानावर. शेवटी भोंग्यातून आवाज आला.

“टँकर... येईल.”

बाया उठल्या नाहीत. केवळाबाई मात्र उठली. तिनं खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि पारावर महानंदाबाईंच्या शेजारी अंथरली.

“साहेब, मग बसा,” ती म्हणाली. “बाई एकलीच बसलीय सकाळधरनं.”

“अहो, मला मंत्र्यांना घ्यायला...”

“टँकर येनार हाय न्हवं? मग आला की जावा. आमी कुटं न्हाई म्हनलो?”

तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. पाहुण्याला बस म्हणतात तसं ती बस म्हणत होती. जीपभोवती मात्र घागरी घेतलेल्या बाया बसल्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही उठायची घाई नव्हती. जीपच्या पुढचा रस्ता तेवढा त्यांनी मोकळा सोडला, ड्रायव्हरनं एकट्यानं जाऊन यावं म्हणून. साहेबांनी ड्रायव्हरच्या कानात काही सांगितलं. जीप गेली. साहेब घोंगडीवर बसले, आधी कडेला, मग ऊन लागलं तसे आत सरकून. बाई त्यांच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत होत्या. आकाशात हेलिकॉप्टर घरघरत उदगीरच्या दिशेनं गेलं. साहेबांनी मान वर करून बघितलं आणि खाली घातली.

टँकर आला तेव्हा अर्धा रिकामा होता, पण आला. पाइप विहिरीत सोडला आणि धो धो आवाज सुरू झाला. बाया कडेला पळाल्या, दोर सुटले, घागरी एकमेकींवर आपटल्या. दोन दांडग्या पोरी भांडायला लागल्या आणि चन्नबसप्पांनी त्यांना दरडावलं. केवळाबाईनं पहिला पोहरा कुणाला घेऊ दिला नाही. तो तिनं महानंदाबाईंच्या तांब्यात ओतला.

बाईंनी पाराच्या मागं जाऊन इष्टलिंग तळहातावर घेतलं. पाणी घालताना त्यांना रडू येत होतं आणि तेही रागाचं. पाण्यासाठी एवढं करावं लागतं, एका तांब्यासाठी, याचा तो राग होता. तो पूजेनंतरही गेला नाही. भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, गाडी चालू झाली, तरी तो होताच.

सभा भोंग्याशिवाय झाली. मागं बसलेल्यांना मंत्र्यांचं भाषण ऐकू आलं नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही. त्यांची मोटार देवणीकडे गेली तेव्हा हिप्परमाळच्या रस्त्यावर कुणी नव्हतं, बाया विहिरीवर होत्या. महानंदाबाईंना नोटीस आली. वर्तनाबद्दल खुलासा करा, असं तीत होतं. वर्षानुवर्षं सरकारचे खुलासे अडवलेल्या बाईंनी स्वतःचा खुलासा एका दमात लिहिला. ‘मी शासनाच्या वतीने घोषणा केली आणि ती खरी होईपर्यंत जागेवर थांबले. यात कसूर कोणती ते कळवावे.’ कसूर कुणी कळवली नाही. महिन्याभरात बदलीचा हुकूम मात्र आला, पुन्हा नांदेडला. शेषेरावांनी या वेळीही अर्ज केला. तो मंजूर झाला नाही. निरोपाच्या दिवशी गाडी पुसताना ते एवढंच म्हणाले, “नवे साहेब आधी सांगतेत, मग बघतेत. आता मला करमायचं न्हाई.”

नवे माहिती अधिकारी शरदचंद्र अंबेकर. तरुण, गोरेगोमटे, सुरेख भाषा. बाई नांदेडला रुळल्या, माहूरच्या यात्रेत हरवलेल्या माणसांचे पुकारे करू लागल्या. लातूरची आठवण कुणी काढली तर विषय बदलायच्या. आपण हट्टानं एकदा एक टँकर आणला, पुढं काय, त्यांच्यानंतर पुन्हा मैदानंच शिंपली जात असणार, असं त्यांच्या मनानं धरलं होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी नांदेडच्या कचेरीत ट्रंककॉल आला. अंबेकर बोलत होते आणि त्यांची सुरेख भाषा पार विस्कटली होती.

“बाई, तुम्ही या गावांना काय सवय लावून ठेवलीय? मी हिप्परमाळला टँकरची घोषणा केली. एका म्हातारीनं घोंगडी अंथरली आणि म्हणाली, बसा. मला वाटलं चहापाणी आहे. अहो, कुणी उठूच देईना.”

“केवळाबाई,” बाई म्हणाल्या.

“नाव कोण विचारतं? आणि तिथंच नाही. शेजारच्या गावात बियाणांचं सांगायला कृषीवाले गेले, त्यांना बसवलं. बँकेचा माणूस गेला, त्याला बसवलं. मास्तर येणार म्हणून सांगायला गेलेला शिक्षणवाला तर तिथं मुक्कामीच राहिलाय. आता कुणी काही सांगायला जायलाच तयार नाही.”

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. मागं कुणीतरी टाइप करत होतं, त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“तुमी बसलात का?”

“न बसून सांगतो कुणाला?”

“किती वेळ?”

“दिवस मावळेपर्यंत.”

“टँकर आला?”



“आला,” अंबेकर म्हणाले. “भरलेला आला.”